हॉर्न : सूरजुळणी आणि स्पर्धेसाठी रचनांची निवड

हॉर्न हे वेटोळ्या नळीचे, रुंद कर्ण्याचे पितळी सुषिर वाद्य. फ्रेंच हॉर्न हे त्याचे रूढ नाव. बडोद्याच्या वरातींत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम सर्रास भेटतात, हॉर्न क्वचितच. पांढरी चारच्या, म्हणजे एफच्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरते. काळी पाचच्या, म्हणजे बी फ्लॅटच्या हॉर्नची सुमारे २.७५ मीटर. १८९७ च्या सुमारास जर्मनीतील क्रुस्पे या कारखान्याने या दोन्ही नळ्या एकाच वाद्यात बसवल्या. अंगठ्याच्या कळीने एकीकडून दुसरीकडे जाता येणारा हा डबल हॉर्न आज सर्वत्र वापरला जातो.

हॉर्नवर सूर ठरवतात ते मुख्यतः ओठ. एकही कळ न दाबता नळी मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे उपस्वर देते. आठव्या उपस्वरानंतर हे स्वर एकमेकांना इतके खेटून येतात की ओठ केसभर सैल पडले तरी शेजारचा स्वर लागतो. ‘हॉर्नवाला घसरला’ हे वाद्यवृंदातले नेहमीचे वाक्य त्यामुळेच. पण घसरणे वेगळे आणि बेसूर असणे वेगळे. योग्य उपस्वर पकडूनही सूर चढा किंवा उतरा असू शकतो, आणि परीक्षकाला हा दुसरा दोष जास्त खटकतो.

अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पियानोच्या समविभागी सप्तकाशी ताडून पाहिले तर हॉर्नचा पाचवा उपस्वर, म्हणजे गांधार, सुमारे १४ सेंट उतरा असतो. सातवा, कोमल निषाद, ३१ सेंट उतरा. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अगदी अधेमधे पडतो. ‘उतरा’ हा शब्द मात्र पियानोच्या बाजूने बोलल्यासारखा आहे. जवारीदार तंबोऱ्याच्या खर्जातून कान दिला की जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोही पाचवा उपस्वरच. हॉर्नचा गांधार आणि हा एकच. ज्या घरात सकाळी तंबोरा लागतो तिथल्या मुलाला हॉर्नचा गांधार बरोबर आणि पियानोचा चढा वाटला तर चूक मुलाची नाही.

हा वाद बडोद्याला जुनाच आहे. मौलाबक्ष यांच्या गायनशाळेची सुरुवात १८८६ ची, आणि १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने, भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच. श्रुतींचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या गणिताबरहुकूम घडवलेली पेटी या परिषदेत मांडली गेली आणि तिच्यावरून खडाजंगी झाली. पेटीचा सूर घडवतानाच ठरून जातो. हॉर्नवादकाला दर स्वरागणिक तो ठरवावा लागतो, आणि तोही कोणाबरोबर वाजवतो आहे हे पाहून. चार हॉर्नच्या चौकडीत मेजर स्वरसंघाचा (षड्ज, शुद्ध गांधार आणि पंचम एकत्र) गांधार ज्याच्या वाट्याला येतो त्याने तो १४ सेंट खाली ठेवला तरच संघात कंप, म्हणजे आवाजाचे हेलकावे, उठत नाहीत. तोच वादक पियानोबरोबर तसाच वाजवू लागला तर बेसूर ठरतो.

वाद्य जुळवताना पांढरी चारच्या एका स्वराची मदत होते. डबल हॉर्नवर कळ न दाबता तो दोन्ही बाजूंना मिळतो. लांब नळीवर तो आठवा उपस्वर, म्हणजे षड्ज. आखूड नळीवर सहावा, म्हणजे पंचम. आधी मुख्य सरकनळीने (आत-बाहेर सरकवून नळीची लांबी बदलणाऱ्या तुकड्याने) काळी पाचची बाजू मिळवून घ्यायची, मग अंगठा उघडझाप करत एफची सरकनळी हलवून दोन्ही स्वर एक करायचे. कळींच्या सरकनळ्या त्यानंतर. प्रत्येक कळ नळीत जादा तुकडा जोडते; दोन कळी एकदम दाबल्या की वाढलेली नळी थोडी कमीच पडते. पहिली आणि तिसरी एकत्र दाबली तर हिशेबाने सुमारे ३० सेंट, तिन्ही एकत्र दाबल्या तर ५० हून अधिक सेंट सूर चढतो. उरलेली दुरुस्ती कर्ण्यातल्या उजव्या हाताची. तळहात मिटला की सूर उतरतो, उघडला की चढतो. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या हाम्पेल या हॉर्नवादकाने याच हातातून अख्खे वादनतंत्र उभे केले.

हवामानाबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: उन्हाळ्यात पितळ पसरते म्हणून सूर बदलतो. पितळाचे पसरणे नगण्य. सूर बदलतो तो आतल्या हवेमुळे. तापमान एक अंश वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे तीनेक सेंटचा चढ. वादकाच्या श्वासाने नळी ऊबदार राहत असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी असतो. तरी मे महिन्यातली बडोद्याची दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत सरकनळीची जागा एकच राहणे शक्य नाही. पियानोची गोष्ट उलटीच. पावसाळ्यात ओल धरून त्याची लाकडी ध्वनिपाटी फुगते आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. हॉर्नची मुख्य सरकनळी आधीच पूर्ण आत ढकललेली असेल तर त्या पियानोपर्यंत पोहोचायला वाट उरत नाही. म्हणून सरकनळी नेहमी थोडी बाहेर राहील अशीच मांडणी करावी.

स्पर्धेसाठी रचना निवडताना बहुतेक जण सर्वांत उंच स्वर कोणता ते पाहतात. त्याआधी पाहायला हवे ते हे, की सूर उघडा कुठे पडतो. मोत्सार्टच्या चार कॉन्चेर्टोंपैकी (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनांपैकी) डी स्वरातला, के. ४१२ (‘के.’ म्हणजे त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), पल्ल्याने सर्वांत सोपा. ई फ्लॅटमधले के. ४४७ आणि के. ४९५ स्पर्धांत अधिक ऐकू येतात. यांत साथ विरळ असते, त्यामुळे पाच सेंटची चूकही लपत नाही. रिखार्ड श्ट्राउसचा पहिला कॉन्चेर्टो, ओपस ११, दणदणीत वाटतो, पण त्याच्या सुरुवातीच्या हाकेला आधार फक्त एका संघाचा असतो. ती हाक सुरात लागली नाही तर पुढचे सगळे सावरण्यात जाते. शूमानचा १८४९ चा आदाजियो व आलेग्रो ओठांना विसावा देत नाही. थकलेले ओठ वादक आवळून धरतो आणि सूर चढत जातो. तो घ्यायचा असेल तर घरी सलग दोनदा वाजवून पाहावा. दुसऱ्या खेपेचा शेवट सुरात लागला तरच नाव द्यावे.

या विषयाला सर्वांत चपखल रचना म्हणजे द्युकाची ‘व्हिलानेल’, १९०६. पॅरिस कॉन्झर्व्हातोआर या संगीतविद्यालयाच्या परीक्षेसाठीच ती लिहिली गेली. तिचा आरंभीचा भाग कळींविना, केवळ उपस्वर आणि कर्ण्यातला हात यांवर वाजवायचा आहे. पुढे कळी येतात. म्हणजे एकाच रचनेत स्वयंभू गांधारही आहे आणि पियानोचाही, आणि दोहोंमधली उडी परीक्षकांसमोर मारावी लागते.