सायक्लिन डी१ आणि कर्करोग

सायक्लिन डी१ हे पेशीचक्राच्या पहिल्या टप्प्याचे नियमन करणारे २९५ ॲमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याचे जनुक माणसाच्या अकराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. तोंड, स्तन व अन्ननलिका यांच्या अनेक कर्करोगांत आणि मॅन्टल पेशी लिम्फोमात (बी लसीकापेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, एका कर्करोगात) हे प्रथिन वाजवीपेक्षा फार जास्त तयार होते.

सायक्लिन गटातील प्रथिने टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना प्रथम दिसली. प्रत्येक विभाजनागणिक त्यांचे प्रमाण वाढते आणि एकाएकी घसरते. या शोधासाठी हंट यांना लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासह २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सायक्लिन डी१ची ओळख १९९१ मध्ये पटली, तीही अंशतः पॅराथायरॉइड ग्रंथीच्या एका साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीच्या अभ्यासातून.

पेशीला बाहेरून वाढीचा संकेत मिळाला, मग तो इस्ट्रोजेनचा असो वा एखाद्या वृद्धिघटकाचा, की सायक्लिन डी१ तयार होऊ लागते आणि सीडीके४ व सीडीके६ या विकरांना जोडले जाऊन त्यांना कार्यान्वित करते. हे विकर विभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी या प्रथिनावर फॉस्फेट गट चढवतात. आरबीने तोवर धरून ठेवलेले ई२एफ घटक त्यामुळे मोकळे होतात, आणि डीएनएची प्रत काढण्यासाठी लागणारी जनुके चालू होतात. निरोगी पेशीत हे प्रथिन अल्पायुषी असते. त्याच्या २८६ व्या स्थानावरील थ्रिओनिनवर फॉस्फेट बसला की ते केंद्रकाबाहेर पाठवले जाते व मोडले जाते, त्यामुळे सुमारे अर्ध्या तासात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजेच संकेत थांबला की विभाजनाची तयारीही थांबते.

कर्करोगात हा हिशेब बिघडतो. कुठे जनुकाच्या जादा प्रती तयार होतात, तर कुठे प्रथिन मोडण्याची व्यवस्था लंगडी पडते. मॅन्टल पेशी लिम्फोमात अकराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि हे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते, जे बी लसीकापेशीत सदैव जागे असते. तरीही केवळ सायक्लिन डी१ वाढले म्हणून कर्करोग झाला, असे म्हणता येत नाही. स्तनग्रंथीत हे जनुक मुद्दाम चढे ठेवलेल्या उंदरांना गाठी होतात, पण बऱ्याच उशिरा. उलट हे प्रथिनच नसलेल्या उंदरांत काही विशिष्ट कर्कजनुके घालूनही स्तनाचा कर्करोग सहसा होत नाही.

नाशिक आणि उत्तर महाराष्ट्रातील रुग्णांच्या दृष्टीने तोंडाचा कर्करोग महत्त्वाचा आहे. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरण्याची, गुटख्याची आणि मशेरीची सवय हे त्याचे प्रमुख कारण असून, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अशा गाठींपैकी बऱ्याच गाठींत सायक्लिन डी१चे जनुक असलेला गुणसूत्राचा भाग वाढलेला आढळतो. मात्र नेहमीच्या उपचारांसाठी ही तपासणी लागत नाही. गाठीची खोली, कापलेल्या कडा आणि मानेतील लसीका ग्रंथी यांवरच पुढचे ठरते.

निदानात हे प्रथिन खरे उपयोगी पडते ते लिम्फोमात. सामान्य बी लसीकापेशी सायक्लिन डी२ व डी३ वापरतात, डी१ नव्हे. म्हणून प्रतिपिंड-रंजनात, म्हणजे डी१ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते रंगवून पाहताना, गाठीतील बी लसीकापेशींची केंद्रके तपकिरी उमटली की मॅन्टल पेशी लिम्फोमाचा दाट संशय येतो. काही मायलोमातही (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगातही) ती उमटतात, त्यामुळे विकृतितज्ज्ञ एका रंगावर निकाल देत नाहीत. स्लाइडवरील रक्तवाहिन्यांच्या अस्तराची केंद्रकेही तपकिरी दिसायला हवीत. ती कोरी असतील तर रंजनच फसले असे समजावे. या चाचणीसाठी मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, लागतो. नाशिकहून दुसऱ्या मतासाठी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाणारे नातेवाईक तो सोबत नेतात. एप्रिल-मे महिन्यांत तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, हे सांगणे अस्थानी होणार नाही.

उपचारात नेम सायक्लिन डी१वर नसून त्याच्या जोडीदार विकरांवर धरला जातो. संप्रेरक-ग्राही (इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकाचा संकेत घेणारी प्रथिने) असलेल्या व हर२ हे वाढीला चालना देणारे प्रथिन वाढलेले नसलेल्या स्तनकर्करोगासाठी हे विकर रोखणाऱ्या पॅल्बोसिक्लिबला अमेरिकेत २०१५ मध्ये, तर रायबोसिक्लिब व अबेमासिक्लिब यांना २०१७ मध्ये मान्यता मिळाली. सायक्लिन डी१ जास्त असलेल्या रुग्णांना या औषधांचा अधिक लाभ होईल, ही अपेक्षा तर्काला धरून होती. पण चाचण्यांत ती उतरली नाही, आणि आजही निवड ग्राही पाहूनच होते. आरबी गमावलेल्या गाठींवर ही औषधे सहसा चालत नाहीत, कारण तेथे विकर रोखले तरी ई२एफ घटकांना धरून ठेवणारे आरबीच उरलेले नसते. २०२३ च्या सुरुवातीस पॅल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्या. ही गोळी २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचे असते. या काळात रक्तातील न्यूट्रोफिल, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात, म्हणून पहिल्या दोन आवर्तनांत पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते. कळवण किंवा सुरगाण्याच्या रुग्णाने ती जवळच्या लॅबमध्ये करून अहवाल नाशिकच्या डॉक्टरांना पाठवला तरी चालते. मात्र ताप आल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना कळवावे लागते.