ऑनलाइन समुपदेशन (खान्देश)

ऑनलाइन समुपदेशन : ताण, चिंता आणि नात्यांतील बेबनाव यांवर प्रशिक्षित मानसतज्ज्ञाशी व्हिडिओ कॉल, फोन किंवा लेखी संदेशांद्वारे ठरावीक वेळी केलेला उपचारात्मक संवाद. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत हे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत भेटतात, आणि धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाचा तेथे जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. अंतराइतकीच ओळखही आड येते. तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या पायरीवर नात्यागोत्यातले कोणी ना कोणी भेटतेच, आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ गेल्याची बातमी पुढे सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत पोहोचण्याची धास्ती असते. ही पायरी चुकते, हेच या पद्धतीचे येथील खरे मोल आहे.

समोर बसणारी व्यक्ती कोण, हे आधी विचारून घ्यावे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो व औषधे लिहून देऊ शकतो. दूरस्थ वैद्यकीय सेवेसाठी 25 मार्च 2020 रोजी आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांच्या अशा सल्ल्याला नियमांची चौकट दिली. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; तो औषधे देत नाही. ‘समुपदेशक’ ही उपाधी मात्र फार सैलपणे लावली जाते, त्यामुळे शिक्षण, अनुभव आणि शुल्क पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नसावा.

भेट साधारण 45 ते 60 मिनिटांची व बहुधा आठवड्यातून एकदा असते. सुरुवातीला झोप, भूक, व्यसन, घरातील परिस्थिती आणि जीव द्यावासा वाटतो का, हे विचारले जाते. चिंतेसाठी पुष्कळदा वापरली जाणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार व वागणे बदलण्यावर भर देणारी) अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या विचारांवर उभी आहे. कापसाचा भाव पडला की ‘आता सगळे संपले’ हा विचार शेतकऱ्याच्या मनात येतो, रात्री छाती धडधडते, मग तो पासबुक उघडायचेच टाळतो. टाळल्याने घटकाभर बरे वाटते, पण भीती वाढत जाते. समुपदेशक हा विचार वहीत लिहायला सांगतो, त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा त्याच माणसाकडून काढून घेतो, आणि पुढच्या भेटीपर्यंत देण्याघेण्याची सगळी रक्कम एका कागदावर मांडण्याचे काम देतो. कर्ज यातून फिटत नाही, आणि तसा भास कोणी निर्माण करू नये. पण बँकेत जाऊन बोलण्याइतके बळ परत येऊ शकते.

नवरा सुरतेच्या कापड कारखान्यात आणि बायको शिरपूरकडच्या खेड्यात, अशा जोडप्यांना दोन ठिकाणांहून एकाच भेटीत बसता येते. समोरासमोरच्या समुपदेशनात ही सोय नव्हती. मात्र घरात मारहाण होत असेल तर एकत्र भेट घेणे धोक्याचे ठरते, कारण तेथे बोललेल्या शब्दांची किंमत बाईला नंतर चुकवावी लागू शकते. अशा वेळी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तीन खोल्यांत सात माणसे राहत असतील तर भिंतीआड ऐकणाऱ्या कानांवर कायद्याचा इलाज चालत नाही. म्हणून लोक मळ्यात, गच्चीवर किंवा उभ्या गाडीत बसून बोलतात, इअरफोन लावतात, कोणी आत आले तर विषय बदलण्यासाठी समुपदेशकाशी एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवतात. घरात एकच मोबाइल असलेल्या स्त्रीला तो मिळेल ती वेळच भेटीची वेळ मानावी लागते.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. ‘मना जीव घाबरस’ असे अहिराणीत सांगणाऱ्या बाईला चिंता हा शब्द परका वाटतो. ती छातीतली धडधड, हातापायांतली आग, डोक्याचा भार सांगते. हे नुसते शारीरिक दुखणे समजून सोडून देणारा समुपदेशक तिच्या कामाचा नाही. लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांची अडचणही हीच. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास व मराठीतही मिळते. सुरुवात कोठून करावी हे न कळणाऱ्याने आधी तेथे बोलावे.

आत्महत्येचे विचार, भास-भ्रम किंवा व्यसन सोडताना येणारे झटके यांत केवळ पडद्यावरची भेट पुरेशी नसते. म्हणून जबाबदार समुपदेशक पहिल्याच दिवशी रुग्णाचा पत्ता व जवळच्या एका माणसाचा फोन क्रमांक लिहून घेतो. शेतकरी घरात फवारणीचे विष हाताशी असते, आणि शहरात बसलेल्या तज्ज्ञाला त्याविषयी विचारायचे सुचेलच असे नाही. घरच्यांनीच ते आपणहून सांगावे, डबे कुलूपबंद करावेत किंवा घरातून हलवावेत, आणि त्या माणसाला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे.