‘डॉल्फिन बंद पडतो’ एवढ्यावर काय करायचं?

‘डॉल्फिन उघडला की बंद पडतो. लवकर दुरुस्त करा.’ केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे अशी तक्रार आली, तर ती वाचणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती काहीच लागत नाही. डॉल्फिन हा तिथला फाईल मॅनेजर. आवृत्ती कोणती, लिनक्सचा कोणता प्रकार, कोणतं फोल्डर उघडलं होतं, कशाचाच पत्ता नाही. स्वयंसेवकाच्या मशीनवर तर तो मजेत चालतो.

यात तक्रारदाराचा आळस असतोच असं नाही. 2008 साली अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतले डेव्हलपर आणि तक्रारदार अशा 466 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. बग (प्रोग्राममधला दोष) पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या आणि स्टॅक ट्रेस (कोसळताना प्रोग्राममधलं कोणतं फंक्शन कोणाला बोलावत होतं त्याची यादी) या गोष्टी डेव्हलपरांना सर्वांत उपयोगी, आणि नेमक्या त्याच देणं तक्रारदारांना जड जातं, असं त्यात दिसलं.

मग हे काम यंत्रावरच सोपवलेलं बरं. केडीईचा प्रोग्राम कोसळला की ‘डॉ. कॉन्की’ नावाची खिडकी उघडते आणि बॅकट्रेस, म्हणजे तीच स्टॅक ट्रेसची यादी, गोळा करते. डीबग सिम्बॉल (फंक्शनची नावं पुरवणारी जोडमाहिती) बसवलेले नसतील, तर फंक्शनच्या नावांच्या जागी नुसती ‘??’ चिन्हं दिसतात. ही खिडकी यादीची उपयुक्तता ताऱ्यांत दाखवते आणि यादी कुचकामी असेल तर सिम्बॉल बसवायला सुचवते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात असंच काम अपोर्ट नावाचं साधन करतं. कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीत पासवर्डही सापडू शकतो, म्हणून तिथले क्रॅश रिपोर्ट आधी खासगी ठेवतात. हे शहाणपणाचंच.

तरीही प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तरं येत नाहीत. केडीईत अशी तक्रार ‘नीड्सइन्फो’ (माहिती हवी) स्थितीत जाते. 15 दिवस हालचाल नसेल तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आठवण करतो, 30 दिवसांनी तक्रार बंद करतो. उबुंटूत ‘इन्कम्प्लीट’ (अपुऱ्या) तक्रारीला 60 दिवस मिळतात. काहींना हा उद्धटपणा वाटतो. मला तो वाटत नाही. ज्यांचं पुढे काहीच होणार नाही अशा शेकडो तक्रारी उघड्या ठेवल्या, तर नीट लिहिलेल्याही त्या ढिगात गडप होतात. खटकतं ते वेगळंच. माहिती दिल्यावर तक्रारीची स्थिती परत ‘रिपोर्टेड’ (नोंदवलेली) करायची असते, आणि बॉट तसं सांगतोही, पण पहिल्यांदाच आलेला माणूस उत्तर लिहून मोकळा होतो आणि तो छोटा ड्रॉपडाउन तसाच राहतो.