वनस्पतीजन्य आहार : ख्रिस्ती श्रद्धा आणि आरोग्य (मराठवाडा)

धान्य, कडधान्य, भाजीपाला, फळे आणि तेलबिया यांवर भागणारा, मांस, मासे व अंडी वर्ज्य करणारा आहार. काटेकोर पाळणारे दूध, ताक, तूपही घेत नाहीत. मराठवाड्यात मात्र 'शाकाहारी' म्हटले की ताक त्यात आलेच. ख्रिस्ती माणसावर या आहाराचे धर्माने बंधन नाही. कोणी तो प्रकृतीसाठी स्वीकारतो, कोणी उपवासकाळापुरता, तर कोणी बायबलच्या पहिल्या पानावरचे अन्न तेच आपले अन्न, या ओढीने.

मराठी ख्रिस्ती कुटुंब प्रभूच्या प्रार्थनेत रोजची 'भाकर' मागते. प्रार्थनेतला हा शब्द मराठवाड्यात थेट चुलीवरचा आहे. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येणारी रब्बी ज्वारी, तिच्यासोबत तूर, हरभरा, मूग, उडीद, करडई, जवस आणि कारळे यांवर इथल्या घरांचे पिढ्यान्‌पिढ्या भागले. भाकरी, वरण, पिठले, ठेचा, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी हे रोजचे जेवण होते. मटण बाजाराच्या दिवशी, पाहुणा आला तर किंवा सणाला. त्यामुळे 'वनस्पतीजन्य आहार' हे नाव नवे असले तरी ताट जुनेच आहे, आणि ते तत्त्वापेक्षा पावसाने व खिशाने ठरवलेले आहे. १९७२च्या दुष्काळात तर तेही उरले नाही. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सरकारी दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक पिठाचे मिश्रण) यांवर लोक जगले. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्यापुढे साध्या जेवणाचे कौतुक जरा जपूनच करावे.

शास्त्रातला आधार

उत्पत्ती १:२९ मध्ये देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळे अन्न म्हणून देतो; मांसाची मोकळीक जलप्रलयानंतर, उत्पत्ती ९:३ मध्ये येते. वनस्पतीजन्य आहाराचा पुरस्कार करणारे ख्रिस्ती या क्रमावर भर देतात. दुसरा आवडता उतारा दानीएलाच्या पहिल्या अध्यायातला. बाबेलच्या राजवाड्यात दानीएल व त्याचे तीन सोबती राजाचे अन्न आणि द्राक्षारस नाकारतात, दहा दिवस शाकान्न व पाण्यावर राहतात आणि इतरांपेक्षा सतेज दिसतात. इथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'पेरलेल्यापासून आलेले' असा आहे. म्हणजे त्यात नुसता भाजीपाला नव्हे, धान्य-कडधान्यही येते. मात्र दानीएलाचा आक्षेप राजाच्या अन्नाने विटाळ होण्याला होता. दहाव्या अध्यायात तो तीन आठवडे मांस सोडतो, म्हणजे एरवी तो ते खात असावा. यहेज्केल ४:९ मधली गहू, जव, मसूर, बाजरी यांची मिश्र भाकर अलीकडे आरोग्याची कृती म्हणून सांगितली जाते. धपाट्यांचे मिश्र पीठ ठाऊक असलेल्या बाईला ती ओळखीची वाटेल. पण ते अन्न वेढा पडलेल्या नगराच्या उपासमारीची खूण होते, हे सांगितल्याशिवाय तो उतारा वापरू नये.

नव्या करारात येशू मासे वाटतो, पुनरुत्थानानंतर भाजलेला मासा खातोही. पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे बजावतो. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातले वचन आरोग्याच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितले जाते. माझ्या मते हे वचन आणि रोमकरांस पत्रातला तो अध्याय, दोन्ही एकत्रच वाचायला हवेत. एकट्या पहिल्यावर उभा केलेला आहार लवकर अहंकाराकडे झुकतो.

मराठवाड्यात ही भीती विशेष आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. शेषाद्री स्वतः ब्राह्मण कुटुंबातले, तर तिथे आलेली बहुतेक कुटुंबे मांग समाजातली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशन संस्थेचे काम पारशी घरातून आलेल्या रतनजी नवरोजी यांनी वाढवले. म्हणजे इथल्या मंडळीतले (चर्चच्या समुदायातले) बहुसंख्य लोक अशा घरांतले, ज्यांना जातीमुळे गावकुसाबाहेर ठेवले गेले आणि खाण्यावरूनही हिणवले गेले. सोवळ्याओवळ्याच्या उतरंडीत शाकाहार वरच्या पायरीवर आणि मांसाच्या वाळवलेल्या चान्या खाणारा सर्वांत खाली. अशा मंडळीत 'भाजी खा, पवित्र हो' असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला त्यात शुभवर्तमान नव्हे, जुनाच विटाळ ऐकू येतो. म्हणून वनस्पतीजन्य आहाराची शिकवण इथे द्यायची तर ती प्रकृती, कृतज्ञता आणि संयम या भाषेत द्यावी, शुद्धतेच्या भाषेत नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही इंग्लंडमध्ये आग्रहाने शाकाहार सांभाळला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, इतरांना मोजायची फूटपट्टी नव्हे.

उपवासकाळ आणि पंथ

भस्म बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. कॅथलिक नियमानुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी भस्म बुधवारी आणि शुक्रवारी मांस टाळायचे असते. मासे व दूध चालतात. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळींत असा कायदा नाही. कोणी चाळीस दिवस मटण सोडतो, कोणी चहा, कोणी तंबाखू.

शाकाहाराला शिकवणुकीत मानाचे स्थान देणारा पंथ म्हणजे सेव्हन्थ-डे अॅडव्हेन्टिस्ट. १८६३ मध्ये अमेरिकेत संघटित झालेल्या या पंथाचे पुण्याच्या औंध भागात स्पायसर विद्यापीठ आहे. अमेरिका व कॅनडातल्या सुमारे ९६,००० अॅडव्हेन्टिस्टांचा २००२ पासून आरोग्य अभ्यास चालला. त्यातील ७३,००० हून अधिक जणांवरील २०१३ च्या निष्कर्षांत शाकाहारींचा मृत्यूचा धोका मांसाहारींपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. ही माणसे सहसा दारू-तंबाखूपासूनही दूर असतात. पण तुलना त्याच पंथातल्या मांसाहारींशी होती, म्हणून या आकड्याला वजन आहे.

आरोग्य

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू (फायबर) असतात. तुरीच्या डाळीत प्रथिने २१-२२ ग्रॅम. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते, डाळीत ते भरपूर असते; म्हणून भाकरी-वरणाची जोडी एकमेकींचे उणे भरून काढते. तंतूंमुळे भाकरी सावकाश पचते आणि पोट टिकून राहते. मधुमेह्याने तरी भाकऱ्या मोजूनच खाव्यात. जवसात ओमेगा-३ गटातले स्निग्ध आम्ल असते, तिळात कॅल्शियम. अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी, करडईचा पाला या भाज्या लोहासाठी चांगल्या. मात्र वनस्पतींतले लोह अंगी लागायला लिंबू किंवा आवळा सोबत हवा, आणि जेवणावर लगेच चहा नको. आपल्याकडे नेमका तोच चहा सुटत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट संस्था यांनी लोह व जस्त जास्त असलेला ज्वारीचा 'परभणी शक्ती' हा वाण २०१८ मध्ये शेतकऱ्यांपुढे आणला, तो या दृष्टीने महत्त्वाचा.

ब-१२ जीवनसत्त्वाबाबत तडजोड नाही. ते वनस्पतींतून मिळत नाही, आणि प्रौढाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतेच. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा ही त्याच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. दूध-ताकही सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. गरोदर बाई आणि वाढत्या मुलांबाबत तर हयगय नकोच. गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

मांस सोडले की आहार आपोआप चांगला होतो असेही नाही. सोयाबीनने ज्वारीचे शिवार खाल्ले, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, आणि मैद्याची बिस्किटे, पाव, तळलेले वडे हे सगळे 'शाकाहारी'च आहे. उलट, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारक ठरवले ते प्रक्रिया केलेले मांस; ताज्या लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' एवढेच म्हटले. आठवड्यातून एकदा ताजे मटण खाणाऱ्या घराला त्या धास्तीत लोटण्याचे कारण नाही.

मंडळीच्या प्रीतिभोजनात वरण, भाजी, भाकरीवर पंगत उठवणे सोपे पडते. शेजारचे हिंदू-मुसलमान पाहुणेही निःशंक बसतात. उपवासकाळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. हुरडा तेव्हा सरलेला असतो, ज्वारीची काढणी आणि हरभऱ्याची मळणी सुरू असते, नवी डाळ घरात येते. शेवटच्या आठवड्यांत उन्हाने पालेभाज्या आटतात. मग माघारी ठेवलेली हरभऱ्याची वाळवलेली भाजी, सांडगे आणि जवसाची चटणी बाहेर निघते, आणि उत्तम शुक्रवारचे (गुड फ्रायडेचे) जेवण बहुधा त्यावरच होते.