किरीट तापन

सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा, अतिशय विरळ थर म्हणजे किरीट किंवा प्रभामंडळ. याचे इंग्रजी नाव कोरोना. विषाणूला ते या थराच्या रूपावरून मिळाले, उलट नव्हे. दीप्तिगोल म्हणजे सूर्याचा डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. किरीटाचे तापमान मात्र १० ते २० लाख अंश भरते. चुलीपासून लांब गेले की धग कमी व्हायला हवी. दीप्तिगोलाच्या वर सुमारे ५०० किमीपर्यंत तसे होतेही, तापमान ४,००० अंशांच्या आसपास उतरते. पुढे वर्णगोलात, म्हणजे दीप्तिगोल आणि किरीट यांच्या मधल्या थरात, ते चढू लागते आणि त्यावरच्या अवघ्या काहीशे किमीच्या पट्ट्यात लाखांच्या घरात जाते.

हे उमगायला सत्तर वर्षे लागली. ७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या अमेरिकी खगोलज्ञांना किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात किरीट पाहण्यासाठी ब्रिटिश खगोलज्ञ नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गला, तर पुण्याचे खगोलज्ञ कावसजी नेगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. (हेलियमचा शोध लॉक्यर यांनी विजयदुर्गावरून लावला असे कोकणात अभिमानाने सांगतात, पण ज्यांतून तो लागला ती त्यांची १८६८ मधील निरीक्षणे इंग्लंडमधली होती.) कोरोनियमचा उलगडा अखेर वॉल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांनी १९४० च्या आगेमागे केला. ती रेषा साध्या लोखंडाची होती, फक्त २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या. इतके इलेक्ट्रॉन झडायला लाखो अंशांचे तापमान लागते.

तापमान प्रचंड असले तरी किरीटात उष्णता थोडीच असते, कारण तिथे पदार्थच नाममात्र आहे. शांत भागात किरीट तापता ठेवायला दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट पुरतात. दीप्तिगोलाच्या तेवढ्याच जागेतून ६ कोटींहून अधिक वॅट बाहेर पडतात. म्हणजे ऊर्जेची वानवा नाही. थंड पृष्ठभागाकडून तप्त किरीटाकडे उष्णता आपणहून वाहणार नाही, तेव्हा ही ऊर्जा दुसऱ्या रूपात वर जाते. ते रूप चुंबकीय आहे, यावर आज एकमत आहे. वाद आहे तो वर गेलेल्या ऊर्जेची उष्णता कशी होते, यावर.

पृष्ठभागाखालचा वायू सतत खदखदतो. त्यात रोवलेल्या चुंबकीय रेषांची मुळे इकडेतिकडे ढकलली जातात. धक्के झटपट बसले, तर तंबोऱ्याची तार छेडावी तशा रेषा थरथरतात आणि लहरी वर जातात. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये या लहरी मांडल्या. लहरींची अडचण अशी की त्या सहजी विरत नाहीत. ऊर्जा न सोडताच किरीटातून पार होऊ शकतात. मुळे सावकाश सरकली, तर रेषा एकमेकींत गुंतून त्यांना वेणीसारखा पीळ बसतो. पीळ असह्य झाला की रेषा तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा उष्णता होऊन सुटते. अशा असंख्य बारीक स्फोटांना यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये ‘नॅनोफ्लेअर’ म्हटले: मोठ्या सौरज्वालेच्या साधारण अब्जांश ऊर्जेचे. एकेक स्फोट वेगळा टिपणे फार कठीण, म्हणून ही कल्पना सिद्ध करणेही अवघड. दोन्ही क्रिया कमीअधिक प्रमाणात घडत असाव्यात, हेच संभाव्य दिसते.

पार्कर यांचेच नाव दिलेले नासाचे यान एप्रिल २०२१ मध्ये प्रथम किरीटात शिरले आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किमीवरून गेले. भारताचे आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यानच्या एल१ बिंदूभोवती फिरते आहे. त्यावरची पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ (SUIT) नावाची दुर्बीण दीप्तिगोल आणि वर्णगोल अतिनील किरणांत न्याहाळते. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे व्हीईएलसी हे उपकरण थेट किरीटाचा वर्णपट घेते, आणि ज्या रेषांवर ते रोखलेले आहे त्यांत ५३०.३ नॅनोमीटरची, १८६९ मधली ती हिरवी रेषाही आहे.