पोकेमॉन-पैदास

पोकेमॉन-पैदास : पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत दोन प्राणी एकत्र ठेवून अंडे मिळविणे, ते उबवून हव्या त्या गुणांचे पिल्लू निवडणे आणि लढतीसाठी त्याची वाढ करणे, या सगळ्या व्यवहाराला ही संज्ञा लावली आहे. खेळाडूंच्या तोंडी ‘ब्रीडिंग’ हाच शब्द असतो. त्यात पैदास (वंशातून येणारे गुण) व संगोपन (सरावातून येणारे गुण) अशी दोन अंगे मिसळलेली आहेत. प्रस्तुत नोंदीचा भर पहिल्या अंगावर आहे. भारतात २००३ पासून दूरचित्रवाणीवर दिसलेल्या कार्टून मालिकेतला ब्रॉक स्वतःला ‘पोकेमॉन ब्रीडर’ म्हणवतो, पण तिथे या शब्दाचा रोख प्राण्यांच्या देखभालीवर आहे. नोंदीचा विषय तो नव्हे.

उगम : मालिकेचे पहिले खेळ (रेड व ग्रीन) जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्रासाठी निघाले. ते गेम फ्रीक कंपनीने तयार केले होते. जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता आणि खेळाची कल्पना त्यातून आली, हे त्यांनीच सांगितले आहे. साहजिकच हा गोळा करणाऱ्याचा खेळ होता. त्यात पैदास नव्हती. निडोरान या प्राण्याचे कुळ सोडल्यास नर-मादी हा भेदही नव्हता. ‘डे केअर’ (जपानीत सोदातेया, म्हणजे वाढवून देणाऱ्याचे घर) होते, पण तिथे एकच प्राणी ठेवता येई. खेळाडूच्या प्रत्येक पावलामागे त्याला अनुभवाचा एक गुण मिळे, आणि परत नेताना चढलेल्या पातळीगणिक शंभर नाणी व वर शंभर मोजावी लागत. नव्या चाली (लढतीतले डाव) शिकताना तो जुन्या चाली गुपचूप विसरून जाई, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

अंडी आली ती दुसऱ्या पिढीत (मालिकेतल्या खेळांच्या एकेका टप्प्याला पिढी म्हणतात), गोल्ड व सिल्व्हर या खेळांत (जपान, २१ नोव्हेंबर १९९९). ही कल्पना कुठून आली, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ मेगामी तेन्सेई (१९८७) या खेळातल्या ‘गात्ताई’त, म्हणजे दोन राक्षस वितळवून तिसरा घडविण्याच्या पद्धतीत आहे. टेक्मोच्या मॉन्स्टर फार्म (१९९७) या खेळातही हाच शब्द आहे. संगीताच्या सीडीवरून प्राणी निर्माण करणारा खेळ म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी दोन प्राण्यांचा मिलाफ हेही त्याचे महत्त्वाचे अंग होते. दुसऱ्या मतानुसार साक्षात पूर्वज म्हणजे एनिक्सचा ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स (सप्टेंबर १९९८). त्यातही गेम बॉय, प्राण्यांना लिंग आणि जोडीतून अंडे हे सगळे आहे. शिवाय पोकेमॉनच्या अंड्यांपूर्वी जेमतेम १४ महिने तो बाजारात आला. मात्र या अंतरावरून अनुकरण सिद्ध होत नाही. गोल्ड व सिल्व्हरचे काम त्याआधीच बरेच पुढे गेले होते, आणि दोन्ही खेळांची रीत मुळात वेगळी आहे. ड्रॅगन क्वेस्टमध्ये दहाव्या पातळीला पोहोचलेले आईबाप अंडे देऊन कायमचे निघून जातात. पोकेमॉनमध्ये ते जिवंत, तरुण व पुन्हा जोडी लावण्यास मोकळे राहतात.

तिसरे मत कमी ऐकू येते, पण शब्दांचा पुरावा त्याच्या बाजूने आहे. ड्रॅगन क्वेस्टमधील जोडी लावण्याचा शब्द ‘हाइगो’ हा आहे. जपानी घोडेपैदाशीत कोणत्या घोडीला कोणता वळू द्यायचा, या जुळणीला हाच शब्द वापरतात. शर्यतीच्या घोड्यांची पैदास हाच विषय असलेला डर्बी स्टॅलियन हा खेळ १९९१ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला आणि जपानमध्ये पुढची अनेक वर्षे लोकप्रिय राहिला. आईबाप टिकून राहणे, एकाच जोडीकडून अनेक पिल्ले घेऊन त्यांतले एक निवडणे आणि बाकीची बाजूला सारणे ही तबेल्याची रीत आहे. राक्षस वितळविण्याशी तिचे फारसे नाते जुळत नाही. पोकेमॉनची अंडी याच परंपरेत बसतात असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात गेम फ्रीकने ती तिथूनच उचलली, असे म्हणण्यास हा आधार पुरेसा नाही.

जोडीचे नियम : डे केअरमध्ये दोन प्राणी ठेवले आणि खेळाडू चालत राहिला, की ठरावीक पावलांगणिक अंडे मिळण्याची चाचणी होते. त्यासाठी नर व मादी एकाच ‘अंडीगटा’तले असावे लागतात. असे पंधरा गट मानले जातात. त्यांत डिट्टो या रूपबदलू प्राण्याचा स्वतंत्र गट आहे आणि पैदास न होणाऱ्यांचाही एक गट आहे. पिल्लू आईच्या जातीचे व तिच्या कुळातल्या प्राथमिक रूपात निघते : पिकाचू मादीच्या अंड्यातून पिचू येतो. डिट्टोची जोडी बहुतेक सर्वांशी जमते आणि तेव्हा पिल्लू दुसऱ्या पालकाच्या जातीचे होते. निडोरान मादी अंडी देते, पण तिचीच वाढलेली रूपे, निडोरीना व निडोक्वीन, वांझ गटात आहेत. दुसऱ्या पिढीत झालेली चूक पुढे तशीच चालत आली असावी, हे स्पष्टीकरण सर्वांत सोपे आहे. अंडे दिले जाताना कोणी पाहिलेले नसते. डे केअरचे म्हातारे जोडपे ‘ते कुठून आले कोण जाणे’ अशा अर्थाचे वाक्य अनेक पिढ्या म्हणत आले.

आनुवंशिकता : प्रत्येक प्राण्यात जन्मतः काही अदृश्य अंक असतात. पहिल्या दोन पिढ्यांत आक्रमण, बचाव, वेग व ‘स्पेशल’ या चार गुणांना ० ते १५ पैकी एकेक अंक मिळे. जीवनशक्तीचा अंक या चारांवरून निघे. लिंग आक्रमणाच्या अंकावर ठरे, खालचे अंक मादीचे. परिणामी ज्या जातींत आठांत एकच मादी असते (चारमँडर व खेळाच्या आरंभी निवडायला मिळणारे इतर प्राणी), त्यांच्या मादीचा आक्रमणाचा अंक ० किंवा १ एवढाच असू शके. वेगळ्या रंगाचा ‘शायनी’ प्राणीही याच अंकांवरून ठरत असे : बचाव, वेग व स्पेशल तिन्ही १० आणि आक्रमण २, ३, ६, ७, १०, ११, १४ किंवा १५. सर्वसाधारण शक्यता ८,१९२ मध्ये एक. दोन्ही नियम एकत्र ठेवले, की दुसऱ्या पिढीत शायनी चारमँडर मादी असणे अशक्य, हे आपोआप सिद्ध होते.

पिल्लाला आक्रमण व वेग यांचे अंक यदृच्छेने मिळत. बचावाचा अंक मात्र विरुद्धलिंगी पालकाकडून जसाच्या तसा येई, आणि स्पेशलचा अंक त्याच पालकाचा किंवा त्याहून आठने कमी-जास्त असे. मुलगी बापावर, मुलगा आईवर. डिट्टो असल्यास दोघेही डिट्टोवर. ‘लेक ऑफ रेज’ या तळ्यातला लाल गॅराडोस हा कथेतच मिळणारा शायनी नेहमी नर असतो. त्याची ड्रॅटिनी मादीशी जोडी लावली, तर मुली शायनी निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक एवढी वाढते.

याच अंकांवरून खेळ नातेही ओळखत असे. दोन प्राण्यांचा बचावाचा अंक एकच आणि स्पेशलचा अंक समान अथवा आठच्या फरकाचा असेल, तर ते एकमेकांचे आप्त समजून अंडे नाकारले जाई. या नियमाचा बारकावा बहुतेक लेखनात निसटतो. खेळात वंशावळ कुठेच साठवलेली नाही. असतात ते फक्त अंक. त्यामुळे बाप-लेक व माय-लेक या जोड्या बरोबर अडत, कारण पिल्लाचे अंक विरुद्धलिंगी पालकाचेच असतात. पण सख्खे भाऊ-बहीण सहसा अडत नसत : भावाकडे आईचे अंक, बहिणीकडे बापाचे. उलट, ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा दोन रानटी प्राण्यांचे अंक योगायोगाने जुळून ते आप्त ठरण्याची शक्यता हिशेबाने १२८ मध्ये एक येते. सगोत्र टाळून सोयरीक जुळविणाऱ्या समाजातल्या वाचकाला हे गोत्र विचित्र वाटेल : मुलीचे बापाकडून, मुलाचे आईकडून आणि डिट्टोच्या सगळ्या लेकरांचे एकच. तिसऱ्या पिढीपासून (रुबी व सफायर, २००२) हा निर्बंध उठला. तेव्हापासून एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावण्यास खेळात आडकाठी नाही.

तिसऱ्या पिढीत अंक सहा झाले व त्यांची व्याप्ती ० ते ३१ झाली. खेळाडू त्यांना ‘आयव्ही’ म्हणतात. शंभराव्या पातळीला ३१ चा अंक त्या गुणात ३१ ची भर घालतो. सहाही अंक ३१ असलेला प्राणी निव्वळ नशिबाने मिळण्याची शक्यता सुमारे १०७ कोटींत एक आहे. सुरुवातीला सहापैकी तीन अंक आईबापांकडून येत. २०१३ च्या एक्स व वाय या खेळांपासून ‘डेस्टिनी नॉट’ ही वस्तू एका पालकाजवळ दिल्यास आईबापांच्या बारा अंकांतून पाच उतरतात. दोन्ही पालक सर्वगुणसंपन्न असतील, तर बत्तीस पिल्लांत सरासरी एक तसेच निघते. पैदास हा चिकाटीच्या मोजक्या खेळाडूंचा छंद होता, तो एका संध्याकाळचे काम झाला तो इथे. स्वभावांचे (नेचर) पंचवीस प्रकारही तिसऱ्या पिढीतलेच. त्यांतले पाच निष्प्रभ आहेत, बाकीचे एक गुण दहा टक्क्यांनी वाढवून दुसरा तेवढाच घटवितात. पालकाचा स्वभाव उतरविण्यासाठी ‘एव्हरस्टोन’ वापरतात. त्याची खात्री आधी अर्धीच होती. २०१२ च्या ब्लॅक २ व व्हाइट २ पासून ती पूर्ण झाली.

एरवी न शिकता येणाऱ्या चाली (‘एग मूव्ह’) पाचव्या पिढीपर्यंत बापाकडूनच येत. चारमँडरला ‘ड्रॅगन डान्स’ हवा असल्यास ती चाल जाणणारा हॉर्सी नर चारमँडर मादीशी जोडावा लागे. दोघांचा ड्रॅगन गट समान असल्याने हे जमते. काही चालींसाठी तीन-चार जातींची साखळी लावावी लागे. सहाव्या पिढीपासून (एक्स व वाय) आईकडूनही त्या मिळू लागल्या.

मासुदा पद्धत : आईबाप वेगवेगळ्या भाषांतल्या खेळांतले असतील, तर शायनी पिल्लाची शक्यता वाढते. हा नियम डायमंड व पर्ल (२००६) यांत आला आणि तेव्हा गेम फ्रीकमध्ये असलेले जुनिची मासुदा यांच्या नावाने ओळखला जातो. सहाव्या पिढीपासून नेहमीची शक्यता ४,०९६ मध्ये एक आहे, ती या पद्धतीने सुमारे ६८३ मध्ये एक होते. मुख्य मालिकेची हिंदी वा मराठी आवृत्ती नाही. इंग्रजीत खेळणारे आपल्याकडचे खेळाडू म्हणून जपानी किंवा युरोपीय भाषेतला डिट्टो अदलाबदलीत मिळवितात.

उबवणी व संगोपन : अंडे संघात घेऊन चालावे लागते. मॅगीकार्पचे अंडे लवकर, तर ड्रॅटिनीचे त्याच्या आठपट पावलांनी फुटते. ‘फ्लेम बॉडी’ गुणाचा, अंगात ऊब असलेला प्राणी सोबत असल्यास निम्मी पावले पुरतात. संगोपनात ‘इव्ही’ हे सरावाचे गुण येतात : एकूण ५१०, एका गुणात कमाल २५२ (पूर्वी २५५), आणि शंभराव्या पातळीला दर चारांमागे एकाची भर. कोणाला हरविले यावर ते मिळतात, म्हणून वेग हवा तर वेगवान प्राण्यांशीच पुन्हा पुन्हा लढायचे. २००९ पासून व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्यावर हा हिशेब सर्वत्र पसरला.

अलीकडील स्थिती : रक्ताचे महत्त्व पिढीगणिक उतरत गेले आहे. सन व मून (२०१६) मध्ये शंभराव्या पातळीच्या प्राण्याचे अंक ‘बॉटल कॅप’ देऊन ३१ असल्यासारखे करता येऊ लागले. स्कार्लेट व व्हायोलेट (२०२२) मध्ये त्यासाठी पन्नासावी पातळी पुरते. स्वॉर्ड व शील्ड (२०१९) मध्ये पुदिन्यासारख्या ‘मिंट’ने स्वभावाचा परिणाम बदलता येतो. स्कार्लेट व व्हायोलेटमध्ये डे केअरच उरले नाही : सहलीला बसले की टोपलीत एका वेळी दहापर्यंत अंडी जमतात, आणि विशिष्ट सँडविच खाल्ल्यास ती लवकर येतात. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आलेल्या पोकेमॉन गो या मोबाइल खेळात अंडी आहेत व ती किलोमीटर चालूनच फुटतात, पण त्यांना आईबाप नाहीत.