वरणफळं आणि दाळढोकळी: एकच नाहीयेत हो!

आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. घरी वरणफळं केली की डबाभर वरच्या मजल्यावरच्या बेनकडे जातात आणि दर वेळी त्या झाकण उघडून बघतात आणि म्हणतात, "आ तो दाळढोकळी ज छे!" मग चार दिवसांनी त्यांच्याकडून दाळढोकळी येते आणि सासूबाई एक घास खाऊन म्हणतात, वरणफळंच आहेत की गं, गूळ जरा जास्त पडलाय. आठ वर्षं हेच ऐकतेय. सासरचे लोक इथे पार जुने, १८७५ ला सयाजीराव गादीवर आले त्यानंतर लवकरच कधीतरी नोकरीसाठी आलेले, त्यामुळे गुजराती पदार्थ घरात परके नाहीतच, तरी हा घोळ आहे तो आहेच. (माझं माहेर साताऱ्याचं, आम्ही वरणफळांना चकोल्या म्हणतो, म्हणजे तिसरं नाव.)

दिसायला सारखंच, मान्य. पिवळ्या डाळीत कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे, वर तूप, कोथिंबीर. पण दोन मुलगे झाल्यावर, एक सहा वर्षांचा एक साडेतीन, एका भांड्यात होणारं रात्रीचं जेवण हेच माझं दैवत झालं आणि दोन्ही वरचेवर करायला लागले तेव्हा कळलं की खरा फरक तुकड्यांत नाही, डाळीत आहे.

वरणफळांत वरण ते वरणच, अंगाला दाट. चौघांना एक वाटी तूरडाळ शिजवून घोटायची पण अगदी गंध नाही करायचं, फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण, मग गोडा मसाला, दोन आमसुलं आणि गुळाचा नखाएवढा खडा. गोडा मसाला विसरलात तर बेनचं म्हणणं खरं ठरेल, कारण वरणफळांचा वास म्हणजे तोच.

दाळढोकळीची डाळ म्हणजे गुजराती डाळ, पातळ, ब्लेंडर फिरवून एकजीव केलेली, आंबटगोड चव पुढे. फोडणीत मोहरीबरोबर मेथीदाणे, लवंग, दालचिनीचा तुकडा, डाळीत टोमॅटो आणि शेंगदाणे, आंबटाला कोकम नाहीतर लिंबू, आणि गूळ आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट. शेंगदाणे डाळीबरोबरच शिजवायचे, मऊ झालेला दाणा दाताखाली आला की ती दाळढोकळी. आणि एक, इथे तूरडाळ तेल लावलेलीही मिळते, ती गरम पाण्याने दोन-तीनदा धुवायची, मी पहिल्या वर्षी नुसती खळबळून कुकरला लावली होती आणि डाळीवर तवंग कसला हेच कळेना.

आता तुकडे. दाट वरणात फळं जरा जाड चालतात, नुसती कणीक, मीठ, हळद, चिमूटभर ओवा आणि तेल, झालं. ढोकळीला कणकेत थोडं बेसन (मी एक वाटीला पाव वाटी घेते), तिखट, हळद, ओवा, आणि लाटायची पातळ. पातळ डाळीत पातळ ढोकळी पटकन शिजते आणि तिच्या पिठाने डाळ हवी तेवढी दाटते. मी एकदा अदलाबदल करून बघितली, जाड फळं गुजराती डाळीत टाकली तर मधे कच्चट राहिली, आणि ढोकळी दाट वरणात टाकली तर अर्ध्या तासात हलव्यासारखा गोळा, डाव उभा राहत होता त्यात! ढोकळी म्हणजे छोटा ढोकळा असं पुण्याची नणंद समजायची, तर तसंही नाही, ढोकळ्याचं पीठ आंबवून वाफवतात, इथे आंबवणं नाहीच.

दोन्हीला एक नियम, डाळ खळखळ उकळत असताना तुकडे एकेक करून सोडायचे, नाहीतर एकमेकांना चिकटतात. नंतर दहा-बारा मिनिटं, मधून मधून हलवत.

आता मुलं. मदत करायची म्हणून दोघं हटून बसलेले असतील तर सरळ वरणफळं. जाड पोळी लाटली जाते त्यांच्याकडून, थोरला कातण फिरवून "बस" आणि "मगर" कापतो, धाकटा तुकडे मोजतो म्हणे, मोजता मोजता दोन खिशात. खाली पेपर पसरते तरी कणीक पेपर सोडून सगळीकडे पडते, आणि रात्री राहिलेली सकाळी दगड झालेली असते, उलथन्याने खरवडायची. बेसनाची कणीक त्यांच्या हातात दिली तर बोटांना, केसांना, एकदा फ्रिजच्या दांड्याला, म्हणून ढोकळी मी ते दोघं आजोबांबरोबर सूरसागर तलावावर फिरायला गेले की करते. तुकडे डाळीत सोडायचं काम मात्र कधीच पोरांना नाही, उकळती डाळ अंगावर उडते.

खाताना सांडतात दोन्ही. वरणफळं शर्टावर एका जागी बसतात, दाळढोकळी ओघळत चड्डीपर्यंत जाते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो तेव्हा घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो. माझा थोरल्याच्या शाळेचा पांढरा शर्ट दोन उन्हांत निघाला.

उरलं तर सकाळी दोन्ही घट्ट झालेलं असतं, गरम पाणी घालून उकळी काढा. त्या वेळी मात्र कुठलं कुठलं हे मलाही वासाशिवाय ओळखता येत नाही.